धावदोरा

गुदैबियातल्या अबायांच्या दुकानात
इक्बाल सरखोत काळं कापड बोटांनी ओळखतो.
मूळचा खेडचा. कातरणांची गोणी माझ्यापुढे ओतून म्हणाला,
"हवं तेवढं ने, ताई. यात दोन काळे सारखे सापडले
तर चहा माझ्याकडून."
सापडले नाहीत.
एक निळसर काळा, एक करपल्या तव्याचा,
एक असा, की दिव्याखाली धरला की जांभूळ.
चहा त्याने तरीही पाजला.

काळंच का, शर्वाणी विचारते.
तेरा वर्षांची, जन्म इथलाच.
संक्रांतीला काळं घालतात, मी सांगते, ऊब राहते.
ती खिडकीबाहेर पाहते.
समोरच्या गच्चीत एक माणूस बनियनवर
कपडे वाळत घालतोय.
"ओके," ती म्हणते. "म्हणजे तिकडे थंडी असते."

तिचं डेनिमचं जाकीट, कोपरांशी पांढुरकं झालेलं.
पाठीवर पतंग बसवायचा. आठ इंची चौकोन,
सोळा त्रिकोण, पाव इंच शिवण.
अबायाचं कापड मात्र ऐकत नाही,
कात्रीखालून निसटतं, इस्त्रीखाली रुसतं.
शेवटी भाताची पेज लावली, वाळवलं,
मग कुठे ते पापडासारखं ताठ झालं.
घरभर पेजेचा वास,
आणि मला उगाच भूक.

काळ्यावर काळा दोरा रात्री शिवू नये म्हणतात.
मला रात्रच मिळते.
मोहरीएवढ्या टाक्यांवर डोळे ताणून
पहिला चौकोन जुळवला, तर पतंगाचं नाक
शिवणीने खाल्लेलं.
उसवलं. पुन्हा शिवलं. पुन्हा खाल्लं.
श्रीरंग सित्र्याहून रात्रपाळी करून आला,
बूट काढता काढता म्हणाला,
"मासा छान झालाय."
मी काही बोलले नाही. तिळगुळ अजून व्हायचा होता.

तिसऱ्यांदा नाक आलं,
जरासं डावीकडे वळलेलं, पण आलं.
कडेने पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी घातल्या,
हलव्याचे दाणे म्हणून.
हलव्याला काटा यायला मंद आच लागते, धीर लागतो;
दोऱ्याच्या गाठीला काटा काही येत नाही.
बत्तीस घातल्या. तेहेतिसावीला सुई मोडली.
डेनिमने एकूण तीन सुया खाल्ल्या.
यंदा वाण म्हणून सुयांची पाकिटंच लुटावीत.

चौकोन पाठीवर बसला. मी दोरा तोडायला गेले
तर शर्वाणी म्हणाली, "आणि मांजा?"
आरशापुढे पाठमोरी उभी, मान मुरडून:
"इथून वर ने. खांद्यावरून. मग बाहीवरून खाली.
इथपर्यंत."
आणि मनगट दाखवलं.

मग लाल रेशमाचा धावदोरा,
आत, बाहेर, आत, बाहेर,
पाठीचा पठार ओलांडून खांद्यापाशी.
तिथे चार पदरी डेनिम, सुई हलेना.
श्रीरंगच्या पेटीतली पक्कड आणली,
दात लावून एकेक टाका ओढला.
पुढे बाही सोपी होती. कोपराच्या पांढुरक्यावर
लाल जास्तच लाल दिसला.

मनगटाशी गाठ मारायला वाकले,
तिने हात मागे घेतला.
"नको मारूस. उसवेल तर उसवू दे. थोडा लांब ठेव."
वीतभर ठेवला.

चौदा तारखेला संध्याकाळी
जाकीट घालून ती खाली निघाली,
मैत्रिणींबरोबर समुद्रावर. उत्तरेचा वारा होता.
लिफ्टची वाट बघत तो वीतभर दोरा
बोटाला गुंडाळत होती, सोडत होती,
परत इतका घट्ट, की बोटाचं टोक पांढरं पडलं.

मी दारातून म्हटलं, "ढील दे."

"म्हणजे?" तिने विचारलं,
आणि लिफ्ट आली.